व्हेनिसमध्ये साथीला बसताना

सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरल्या की समोर थेट पाणी. इथे बस म्हणजे बोट, अँब्युलन्स म्हणजे बोट, आणि कचऱ्याची गाडीही बोटच. पर्यटकांना याची मोठी मौज वाटते. खांद्यावर दोन तबले आणि तांब्याचा डग्गा असलेला माणूस मात्र आधी पुलांची चौकशी करतो. शहरात चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. ट्रॉली बॅगेची चाकं दर दोन-तीन मिनिटांनी निरुपयोगी होतात आणि मग ती बॅग चाकांसकट उचलावी लागते.

आम्ही व्हिएन्नाचा कार्यक्रम आटोपून रेल्वेने आलो होतो. गाणाऱ्या ताई, पेटीवाला मित्र, तानपुऱ्याला ताईंची शिष्या आणि मी. पेटी घडीची होती. तानपुरा मिरजेचाच, पण प्रवासी, म्हणजे भोपळ्याऐवजी चपट्या लाकडी पोटाचा. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा अभिमान आहेच. पण ते मानांकन दाखवून मोठा तानपुरा विमानात आत नेता येत नाही.

आयोजक बाई स्टेशनवर घ्यायला आल्या होत्या. का फोस्कारी या व्हेनिसच्या विद्यापीठात त्या हिंदी शिकलेल्या, आणि जवळच्या व्हिचेन्झा शहरात, जिथल्या संगीत महाविद्यालयात हिंदुस्थानी संगीत रीतसर शिकवतात, तिथे धृपद शिकलेल्या. पहिलंच वाक्य म्हणाल्या, "नमस्ते जी, पुल बहुत हैं." त्यांनी सामानासाठी एक हमाल ठरवला होता. त्याची हातगाडी बघण्यासारखी होती. मागे दोन मोठी चाकं आणि पुढे दोन छोटी. पूल आला की तो गाडी तिरकी करून छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवायचा, मग मोठी चाकं ओढून घ्यायचा, असं एकेक पायरी करत वर. तोंडाने "ओचो! ओचो!" चालूच, म्हणजे बाजूला व्हा, पाय सांभाळा. माझा डग्गा मी त्याच्याकडे दिला नाही. तो मी कुणाकडेच देत नाही.

मुक्काम आणि कार्यक्रम दोन्ही सान पोलो भागात. एक नंबरची बोट घेऊन सान तोमाला उतरायचं. एरवी निवांत प्रवास असता, पण तो दिवस होता २१ नोव्हेंबर, सालूतेचा सण. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहराची जवळपास एक तृतीयांश वस्ती गेली, तेव्हा सरकारने मेरीमातेला चर्च बांधायचा नवस बोलला. नवसाचं ते पांढरं घुमटांचं चर्च ग्रँड कॅनॉलच्या तोंडाशी उभं आहे. दरवर्षी या दिवशी कालव्यावर तात्पुरता तरंगता पूल टाकतात आणि गाव तो ओलांडून मेणबत्त्या लावायला जातं. पुढे तळणीच्या गाड्या, फुगे, कडेवरची पोरं. ताईंनी मेणबत्ती घेतली. तिथे मेणबत्ती आपण लावत नाही, सेवेकऱ्याच्या हातात द्यायची आणि तो ती रांगेत लावतो. आमची मेणबत्ती त्याने आमच्यादेखत लावली आणि मागची गर्दी येताच थोड्या वेळात काढूनही टाकली. ताई म्हणाल्या, "पंढरपुरात तरी काय वेगळं होतं?"

आता तबल्याकडे येतो, कारण माझा सगळा जीव तिथे अडकला होता.

चामडं पाणी पितं. हे आपल्याकडच्या पावसाळ्यातही अनुभवतो, पण व्हेनिसचा नोव्हेंबर वेगळाच. हवेत धुकं, भिंतींना खालून चढलेली ओल, आणि हॉटेलच्या खोलीत मात्र हीटर. खोलीत पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, ताणली जाऊन तबला चढतो, बाहेर काढला की तासाभरात उतरतो. ताई काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून गातात, म्हणून मी ढाल्या, म्हणजे रुंद तोंडाचे दोन तबले नेले होते. खोलीत दोघेही अर्ध्या सुराने वर गेले, आणि चर्चमध्ये नेऊन झाकण काढल्यावर बघता बघता खाली आले. अशा वेळी हातोडी घेऊन गट्टे, म्हणजे चामड्याच्या वाद्यांखाली ताण द्यायला बसवलेले लाकडी तुकडे, ठोकायचा मोह होतो. तो आवरायचा. कारण माणसं आली, दिवे लागले की मंचावरची हवा पुन्हा गरम होणार आणि ठोकलेला तबला भलतीकडे जाणार. मी दुपारीच वाद्यं चर्चमध्ये नेऊन उघडी ठेवली आणि त्यांना त्या हवेची सवय होऊ दिली. गट्ट्यांना हात लावलाच नाही. बसायच्या आधी फक्त गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या वेणीवर, वरून-खालून हलक्या हाताने, घर घर फिरत सूर मिळवला. डग्ग्याचं दुखणं निराळं. वादी सैल झाली की घुमारा जातो आणि नुसता ढब आवाज उरतो. त्याला मी मंचावरच्या दिव्याच्या अंगाला तोंड करून ठेवलं, अधूनमधून फिरवत. पावडरचा उपयोग नव्हता, दमट हवेत तिचा लगदा होतो. बोटं गरम ठेवायला थर्मासमध्ये पाणी होतं, प्यायला नव्हे, धरायला.

चर्च लहान होतं, पूजेसाठी आता वापरत नाहीत. दगडी फरशी, उंच छत, संगमरवरी वेदी, पडदा म्हणून कुठे नावाला नाही. मी मधोमध उभा राहून एक टाळी वाजवली. ती वर गेली, मागच्या भिंतीला लागली, बाजूच्या कोनाड्यांत फिरली आणि चारेक सेकंदांनी संपली. वाद्यवृंदाच्या चांगल्या सभागृहात हा काळ दोन सेकंदांच्या आसपास असतो. आपल्या नाट्यगृहांत त्याहूनही कमी, कारण तिथे शब्द कळायला हवेत.

चार सेकंद ऐकायला थोडे वाटतात. पण तबलजीने हिशेब करून बघावा. सोळा मात्रांचा द्रुत तीनताल मिनिटाला तीनशे मात्रांच्या लयीत चालला असेल तर सेकंदाला पाच मात्रा होतात, चार सेकंदांत वीस. म्हणजे मी समेवर मारलेला 'धा' पुढचं अख्खं आवर्तन संपून दुसरं सुरू झालं तरी छताखाली फिरतोय, आणि त्याच्यावर मधले सगळे बोल चढलेत. मी धिरधिरचा एक रेला, म्हणजे जलद बोलांची सलग माळ, वाजवून पाहिला. पेटीवाला मित्र शेवटच्या बाकावर बसला होता. त्याने तिथूनच हात हलवला. "काय वाजवतोस ते कळत नाहीये. कुणीतरी जिन्यावरून बटाट्यांचं पोतं सोडलंय."

बारा मात्रांच्या विलंबित, म्हणजे संथ, एकतालाचं गणित मात्र उलटं निघालं. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं. ही काही अवास्तव लय नव्हे, ताई साधारण तिथेच गातात. म्हणजे एका मात्रेचा नाद विरतो न विरतो तोच दुसरी येते. घरी रियाजाच्या खोलीत इतक्या विलंबितात मधल्या जागा भरून काढाव्या लागतात, तिरकिटं टाकावी लागतात, नाही तर ठेका तुटल्यासारखा वाटतो. इथे त्या जागा चर्च स्वतःच भरत होतं. मी भरायला गेलो की गर्दी होत होती. मग मी हात आवरून नुसता ठेका दिला. 'धीं' नंतरचा डग्ग्याचा घुमारा पुढच्या मात्रेच्या दाराशी येऊन संपायचा. इतकी सुखाची साथ मी फार कमी वेळा केली आहे.

तरुण साउंड इंजिनिअर होता, कामाला चोख. त्याने प्रत्येक वाद्याला माइक आणि प्रत्येकापुढे स्वतःचं स्वतःला ऐकू यावं म्हणून मॉनिटर स्पीकर लावून ठेवला होता. ते सगळं काढा म्हणून सांगायला जरा जड गेलं, पण दगडी खोलीत आवाज वाढवला की खोलीचाच आवाज जास्त वाढतो. शेवटी तानपुऱ्याला थोडा, ताईंना नावापुरता, तबल्याला शून्य, असं ठरलं. मॉनिटर नसल्यामुळे आम्ही एरवीपेक्षा जवळ सरकलो. माझा गुडघा ताईंच्या बैठकीला लागत होता. इटलीच्या प्लगमध्ये तीन पिना एका ओळीत असतात आणि आपला साधा अॅडॉप्टर तिथे चालेलच असं नाही, हे जाणाऱ्याने लक्षात ठेवावं. आयोजक बाईंकडे जोडणी होती म्हणून इलेक्ट्रॉनिक तानपुरा लागला.

या गावातल्या जुन्या मंडळींना हे सगळं कधीच कळून चुकलं होतं. सान मार्कोच्या बासिलिकात १५२७ मध्ये विलार्ट नावाचे संगीतप्रमुख आले. त्यांच्या आणि नंतर आंद्रेआ व जोव्हान्नी गाब्रिएली या काका-पुतण्यांच्या काळात तिथे गायकांचे दोन-दोन गट वेगवेगळ्या जागी उभे करून सवाल-जवाबासारखं गायची शैली बहरली. एका गटाचा नाद विरू द्यायचा, मग दुसऱ्याने उचलायचं. जोव्हान्नीने १५९७ च्या संग्रहातल्या एका रचनेत 'हळू' आणि 'मोठ्याने' हे चक्क छापून ठेवलं. तसं करणाऱ्या अगदी सुरुवातीच्यांपैकी तो एक. २००७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी एक गायकवृंद नेऊन व्हेनिसच्या चर्चांमध्ये प्रत्यक्ष गाऊन पाहिलं. सान मार्कोमध्ये वेदीजवळ, जिथे व्हेनिसचा सत्ताधीश म्हणजे डोजे बसायचा, तिथे दोन गट स्वच्छ वेगळे ऐकू येतात. सामान्य लोक उभे राहायचे त्या लांब भागात मात्र सगळं एकमेकांत मिसळून जातं. पहिल्या रांगेचे पास कुणाला मिळतात हा प्रश्न तेव्हाही होता तर.

संगीतकार मोंतेवेर्दी १६१३ पासून १६४३ मध्ये मरेपर्यंत सान मार्कोलाच नोकरीला होते. त्यांची समाधी फ्रारीच्या चर्चमध्ये, आमच्या मुक्कामापासून चार पावलांवर. कार्यक्रमाच्या सकाळी तिथे गेलो तर दगडावर कुणीतरी गुलाब ठेवलेला होता. तिथून चालत पिएताच्या चर्चकडे. वाटेत सान मार्कोच्या चौकात घोटाभर पाणी आणि त्यावर लाकडी फळ्यांचे उंच रस्ते. भरतीचं पाणी अडवायला समुद्राच्या तोंडांशी अठ्ठ्याहत्तर पिवळे दरवाजे बसवले आहेत. ते २०२० मध्ये पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभे केले आणि तेव्हापासून शहर बऱ्यापैकी वाचतं. पण मोठी भरती येणार असेल तरच ते वर करतात, आणि चौक हा गावातला सगळ्यांत सखल भाग, तो त्याआधीच भिजतो. पिएताच्या अनाथाश्रमात संगीतकार विवाल्दी १७०३ पासून शिकवत असत आणि तिथल्या मुली जाळीच्या आडून गात-वाजवत. रस्त्यात पांढरे टोप आणि रेशमी अंगरखे घातलेली तरुण मंडळी तिकिटं विकतात आणि हेच विवाल्दींचं चर्च म्हणून सांगतात. आत्ताचं चर्च विवाल्दी १७४१ मध्ये व्हिएन्नात वारल्यानंतर पुरं झालं. तिकीट विकणाऱ्याला हे विचारण्यात अर्थ नव्हता, त्याला थंडी वाजत होती.

दुपारी ताईंनी रागच बदलला. ठरलेला होता पूरिया. त्यात कोमल रिषभ, म्हणजे षड्जाला अगदी चिकटलेला रे आहे, आणि रिषभावरून षड्जावर आल्यावरही तो रिषभ वर चार सेकंद लोंबकळत राहात होता. दोन स्वर एकमेकांना खरवडत होते. ताईंनी दोन-तीनदा आलापी करून पाहिली, मग डोळे उघडून म्हणाल्या, "नको रे. ही खोली शेजारशेजारचे स्वर नांदू देत नाही. भूप गाते." भूपात पाचच स्वर, सा रे ग प ध, एकमेकांपासून ऐसपैस बसलेले. गांधार लावला की खाली षड्ज अजून जिवंत असतो आणि दोघांचं पटतं. त्यांनी पंचमावर थांबून पाहिलं तर त्यांच्या मागे आणखी दोघी-तिघी गातायत असं वाटायला लागलं. मीही माझ्या सोलोतून रेला, चक्रदार वगैरे काढून टाकलं आणि पेशकार, म्हणजे सोलोची संथ सुरुवात, आणि एक संथ कायदा, एवढंच ठेवलं. रागाच्या वेळेचं म्हणाल तर सूर्य साडेचारलाच बुडाला होता, त्यामुळे सातला भूप गाताना कुणाची हरकत यायचं कारण नव्हतं.

लोक आले आणि खोली पुन्हा बदलली. हार्वर्डच्या सेबाइन या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी १८९० च्या दशकात एका घुमणाऱ्या व्याख्यानगृहात बाकांवरच्या गाद्या आणून टाकत, काढत, नाद किती वेळ टिकतो ते मोजलं होतं. आमच्याकडे गाद्यांऐवजी कोट आले. हीटर बेताचा असल्यामुळे कुणीच लोकरीचे कोट काढले नाहीत आणि चर्च भरलं तसा नाद आवरता झाला. उन्हाळ्यातल्या पातळ कपड्यांच्या श्रोत्यांपुढे हाच कार्यक्रम वेगळा वाजला असता. मला वाटतं चारचे तीन सेकंद झाले असतील. ताईंना ते पहिल्या षड्जातच कळलं, त्यांनी माझ्याकडे बघून लय किंचित वर घ्यायची खूण केली.

तिथला श्रोता मध्ये दाद देत नाही. समेवर मान हलत नाही, वाहवा नाही, हाताने ताल धरणं नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं, यांना आवडत नाहीये. माझंही सुरुवातीच्या दौऱ्यांत तसं व्हायचं, आता सवय आहे. फक्त आयोजक बाई तिसऱ्या रांगेत होत्या, त्या एका अवघड तिहाईनंतर मोठ्याने "वा!" म्हणाल्या आणि शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्या पुन्हा म्हणाल्या नाहीत. शेवटी अभंग. भजनी ठेक्यात लग्गी लावायची हौस मी आवरली. टाळ नेले होते, ते शिष्येने एकदाच वाजवले आणि ताईंनी नजरेनेच थांबवलं. दगडात टाळ म्हणजे भांडी पडल्यासारखं.

कार्यक्रम संपल्यावर एक म्हातारे गृहस्थ मंचाशी आले. ते चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. त्यांना 'पहिली' मात्रा कुठली ते बघायचं होतं. मी हातावर टाळी आणि 'खाली', म्हणजे तालातली बिनटाळीची जागा, दाखवत एकतालाचं आवर्तन मोजलं, त्यांनी माझ्याबरोबर मोजलं आणि खालीच्या जागी हात उलटा करायला ते बरोबर शिकले. मग त्यांनी गट्ट्यांना बोट लावून ते कशासाठी विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी पिशवीतून स्वतःचं स्वरलिपीचं पुस्तक काढलं. पानाच्या डोक्यावर, लयीच्या छापील आकड्याशेजारी, पेन्सिलीने वेगवेगळ्या चर्चांची नावं आणि प्रत्येकापुढे वेगळा आकडा. काही नावांपुढे दोन आकडे होते, एकावर कंसात 'रिकामं' आणि दुसऱ्यावर 'भरलेलं' लिहिलेलं. आयोजक बाईंनी अर्थ सांगितला. मी त्या पानाचा फोटो घेतला.

मग एक काम राहिलं होतं, त्याचा अंदाज आम्हाला नव्हता. इटलीत जाहीर कार्यक्रमानंतर काय काय वाजवलं त्याचा तक्ता भरून द्यायचा असतो, स्वामित्व हक्कांच्या हिशेबासाठी. रचनेचं नाव, रचनाकाराचं नाव. आम्ही चौघं आणि आयोजक बाई, मधे तो कागद. ख्यालाची बंदिश पारंपरिक, इथपर्यंत ठीक. पण पाऊण तासातली बंदिश दोन ओळींची, बाकीचं ताईंनी तिथल्या तिथे केलेलं. ते कुणाचं? पेशकाराचा रचनाकार कोण? अभंगाचा कवी सतराव्या शतकातला, चाल ताईंच्या गुरुजींची. पेटीवाल्याने "माझे कोपऱ्यातले दोन आलाप पण लिहा" असा आग्रह धरला. अखेर बाईंनी सगळीकडे 'पारंपरिक' लिहिलं आणि अभंगाच्या चालीपुढे तेवढं गुरुजींचं नाव घातलं. ताईंनी स्पेलिंग दोनदा तपासून घेतलं.

जेवायला उशीर झाला होता. एका बाकारोत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या दारूच्या दुकानात, सार्दे इन साओर मिळालं: तळलेली तारली, वर व्हिनेगरमध्ये मऊ केलेला कांदा, मनुका आणि चिलगोजे. मी रत्नागिरीचा, मला आंबट-गोड मासा विचित्र वाटेल असं वाटलं होतं, पण दोन प्लेट गेल्या. ताई शाकाहारी. त्यांच्यासाठी शेजारच्या हॉटेलातल्या बांगलादेशी वेटरने आतून साधा भात आणि डाळ आणून दिली, ती मेनूवर नव्हती, त्यांच्या स्वतःच्या रात्रीच्या जेवणातली होती. व्हेनिस आणि मेस्त्रे भागात बांगलादेशी लोक खूप आहेत, हॉटेलांत आणि मार्घेराच्या जहाज कारखान्यात. माझी बॅग बघून त्याने विचारलं, "तबला?" त्याचा मामा सिल्हेटला वाजवतो म्हणे. पैसे घ्यायला तयार नव्हता, ताईंनी बळेच दिले.

दुसऱ्या दिवशी पादुआ, गाडीने अर्ध्या तासावर. सभागृह नवं, गालिचा, गादीच्या खुर्च्या, भिंतींना लाकडी फळ्या. टाळी वाजवली तर ती हातातच मेली. विलंबितात पुन्हा जागा भरायला लागल्या, कालचा नुसता ठेका इथे उघडा पडला असता. तबला मात्र कोरड्या हवेत खणखणीत चढला आणि मला दोन गट्टे ठोकून खाली घ्यावा लागला. ताईंनी पूरिया गायला आणि मी सोलोत रेला वाजवून घेतला.